छोट्या ग्रीनहाऊसमधली रोपं बाहेर काढायची आहेत, आपल्या उन्हात हार्डनिंग कसं करायचं?

जुळे_सोलापूर_गच्ची

नमस्कार सगळ्यांना. गच्चीवर ते चार कप्प्यांचं फोल्डिंग ग्रीनहाऊस आणलंय, पाइपचा सांगाडा, जाळीच्या फळ्या आणि वरून चेनवालं पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर, ऑनलाइन मिळतं ते. जानेवारीच्या सुरुवातीला त्यात प्रो-ट्रेमध्ये (रोपांसाठीचा बारीक कप्प्यांचा ट्रे) कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत घालून मिरची, ढोबळी, टोमॅटो, वांगी आणि कडेला थोडी झिनिया टाकली होती. रात्री चेन लावून ठेवायचे, त्यामुळे थंडीतसुद्धा मिरची एकसारखी उगवून आली, त्या बाबतीत ह्या ग्रीनहाऊसवर मी खूश आहे.

आता टोमॅटोला चार-पाच खरी पानं (बीतून निघणाऱ्या पहिल्या दोन दलांनंतरची) झालीत, वांगीपण तयार होतायत, मिरची आणि ढोबळी थोडी मागं आहेत. आता ही सगळी ग्रो बॅगमध्ये लावायची तर आधी बाहेरच्या हवेची सवय, म्हणजे हार्डनिंग, करावी लागते एवढं माहिती आहे. पण व्हिडिओ बघायला गेलं की सगळे बाहेरच्या देशातले, पहिल्या दिवशी एक तास बाहेर ठेवा, रात्री थंडीत परत आत घ्या, दंव गोठेल वगैरे. आपल्याकडं फेब्रुवारी संपत आला, दुपारी ३४-३५ जातंय, गच्चीवर अनवाणी उभं राहवत नाही आणि थंडी तर गेलीच. मग ते वेळापत्रक इथं कसं लावायचं?

दुसरं म्हणजे मी सकाळी साडेनऊला ऑफिसला जाते ते संध्याकाळी सहालाच येते. दुपारी ट्रे आत-बाहेर करायला घरी कोणी नाही, सासूबाईंना जिने चढणं जमत नाही. तर असं काहीतरी सांगा की सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा हात लावला की भागेल. पाणी किती द्यायचं तेही सांगा. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे सगळं टाकीतलंच वापरते.

विजापूररोडची_बाग

ताई, सगळ्यात आधी ते प्लास्टिकचं कव्हर काढून घडी करून ठेवा. आजच. बाहेरच्या देशात ग्रीनहाऊस थंडीपासून वाचवायला असतं, आपल्याला फेब्रुवारीनंतर रोपं उन्हापासून आणि कोरड्या वाऱ्यापासून वाचवायची असतात, म्हणजे काम बरोबर उलटं आहे. एवढंसं ग्रीनहाऊस, आत हवा किती असणार, बाहेर ३४ असताना चेन बंद राहिली तर आत ४५ च्या वर जायला वेळ लागत नाही. तुम्ही ऑफिसात असाल आणि ट्रे आत शिजत असतील. स्वस्तातला डिजिटल थर्मामीटर मधल्या कप्प्यात ठेवून बघा, तो जास्तीत जास्त तापमान लक्षात ठेवतो, संध्याकाळी आल्यावर आकडा बघितला की लगेच पटेल.

पण ग्रीनहाऊस वाया गेलं असं अजिबात नाही. आपल्याकडं त्याचा सांगाडाच जास्त कामाचा आहे. कव्हरच्या जागी त्यावर ५० टक्क्याचं शेडनेट (निम्मं ऊन अडवणारी सावलीची जाळी) टाका, वरून आणि पश्चिम-दक्षिण बाजूनं पूर्ण खाली येईल असं, चिमट्यानं किंवा सुतळीनं बांधा, आणि पूर्वेची बाजू उघडी ठेवा. म्हणजे सकाळचं तिरपं ऊन सरळ आत येतं, सगळ्या कप्प्यांत पोचतं, आणि दहा-साडेदहानंतर ऊन जसं डोक्यावर येतं तशी वरच्या नेटची आणि वरच्या फळीची सावली खालच्या ट्रेवर आपोआप पडते. तुम्हाला कोणी घरी असायची गरजच नाही, सूर्यच ट्रे आत घेतो.

आता कप्प्यांचा उपयोग जिन्याच्या पायऱ्यांसारखा करा. सुरुवातीला दोन-तीन दिवस ट्रे खालून दुसऱ्या कप्प्यात. मग तिसऱ्यात. शेवटी सगळ्यात वर, फक्त नेटखाली, मध्ये कुठली फळी नाही. वरच्या कप्प्यात दोन-तीन दिवस नीट राहिली, दुपारी मान टाकली नाही की मग वरचं नेटपण सकाळी थोडं मागं सारायचं आणि ऑफिसला जाताना परत ओढायचं. सगळं मिळून आठ-दहा दिवस धरा. रोज संध्याकाळी आल्यावर बघायचं, पानं ताठ असतील तर पुढची पायरी, मलूल असतील तर त्याच कप्प्यात आणखी एक-दोन दिवस. दिवस मोजण्यापेक्षा पान बघून ठरवा.

आणि सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवा. गच्चीचा स्लॅब दुपारी तापतो, त्याची झळ खालून लागते. त्या जागी गोणपाट ओलं करून पसरा नाहीतर ट्रेमध्ये ओली वाळू ठेवा, तेवढाच गारवा राहतो.

रोपवाला_मोहोळ

वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय. आमची रोपवाटिका हाय, भाजीपाल्याचीच रोपं करतो, त्यामुळं दोन गोष्टी जास्तीच्या सांगतो.

आधी हे समजून घ्या की हार्डनिंगमध्ये होतंय काय. प्लास्टिकच्या आत वारा नसतो, हवा दमट असते आणि ऊन गाळून येतं. अशा हवेत वाढलेल्या पानावर मेणाचा थर पातळ असतो, देठ लांब आणि मऊ, आणि मुळीला पाणी ओढायची घाई नसते. ते रोप एकदम कोरड्या वाऱ्यात ठेवलं की पानातनं पाणी जातंय जास्त आणि मुळी देतीय कमी. म्हणून दुपारी मान टाकतं. आणि पानावर पांढरे कागदासारखे डाग पडतात ते कुठला रोग नसतोय, ते ऊन लागून भाजलेलं असतंय. लई जण त्याच्यावर औषध मारत बसतात. भाजलेलं पान परत हिरवं होत नाही, पण शेंडा चांगला असला तर नवीन पानं नीट येतात, रोप टाकून देऊ नका.

आपल्या जिल्ह्यात करमाळा-माढ्याकडं केळीवाल्यांना हे लगेच कळतं. टिश्यू कल्चरचं केळीचं रोप लॅबमधनं बाटलीतनं निघालं की आधी दमट ग्रीनहाऊसमध्ये ठेवतात, नंतर शेडनेटमध्ये, आणि मग शेतकऱ्याच्या हातात देतात. त्यालाच प्रायमरी आणि सेकंडरी हार्डनिंग म्हणतात, दोन्ही टप्प्यांना काही आठवडे देतात. बाटलीतनं डायरेक्ट रानात लावलं तर एक झाड जगणार नाही. तुमची मिरची काय एवढी नाजूक नाही, पण तत्त्व तेच हाय, दमटातनं कोरड्यात, सावलीतनं उन्हात, टप्प्या-टप्प्यानं.

आता पाणी. पुस्तकात लिहितात हार्डनिंगला पाणी तोडा, ताण द्या. रानातल्या गादीवाफ्याला ते ठीक हाय, मातीत ओल धरून असती. प्रो-ट्रेला तसं करू नका. ९८ कप्प्यांच्या ट्रेमधल्या एका कप्प्यात कोकोपीट असतंय किती, मूठभरसुद्धा नाही. आपल्या वाऱ्यात सकाळी ओलं असलेलं दुपारी दोनला खडखडीत होतंय, आणि कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की वरनं घातलेलं पाणी कडंनं खाली निघून जातं, आत भिजतच नाही. म्हणून सकाळी भरपूर पाणी द्या, खालनं निथळेपर्यंत. संध्याकाळी ट्रे उचलून बघा, हलका लागला तरच थोडं द्या. ताण म्हणजे एवढंच की सारखं-सारखं शिंपडत बसायचं नाही. वाळवायचं तर नाहीच.

ह्या आठ-दहा दिवसांत युरिया, शेणाची स्लरी, जास्त नत्राचं काही घालू नका. नत्रानं कोवळी फूट निघती आणि आपण तिला दणकट करायला बघतोय, दोन्ही एकदम जमत नाही.

बार्शीकर

मला विचाराल तर ह्या सगळ्याला ग्रीनहाऊस लागतंच कशाला? आमच्या अंगणात कडुलिंबाचं झाड आहे, त्याच्याखाली ट्रे ठेवले की सकाळ-संध्याकाळ ऊन, दुपारी चाळणीसारखी सावली, वारापण लागतो. आठवड्यात रोपं तयार. आई तर टोमॅटोची रोपं वाफ्यातनं उपटून सरळ लावायची आणि वरून तुराट्या नाहीतर पळसाची पानं टोचायची सावलीला, तीन दिवसांत उभी राहायची. विकतचं नेट आणि रॅक करण्यापेक्षा जुन्या सुती धोतराचा कपडा बांधला तरी काम होतं.

विजापूररोडची_बाग

@बार्शीकर, लिंबाखाली होतं, मान्यच आहे, अंगण असेल तर त्याच्यासारखं काही नाही. पण ताई जुळे सोलापुरात गच्चीवर आहेत, तिथं लिंब कुठनं आणणार. आणि तुमच्या आईंची रोपं वाफ्यात उघड्यावरच वाढलेली असणार, म्हणजे ती पहिल्यापासनं कणखरच. ताईंची दोन महिने प्लास्टिकखाली आहेत, हा फरक मोठा आहे. धोतराचा कपडा मात्र चांगला उपाय आहे, पांढरा आणि पातळ असल्यानं उजेड पसरून आत येतो. ज्यांना नेट घ्यायचं नाही त्यांनी तोच वापरावा. फक्त सोलापुरी चादर किंवा जाड बेडशीट टाकू नका कोणी, पूर्ण अंधार होतो आणि रोपं आणखी लांबट होतात.

जुळे_सोलापूर_गच्ची

बापरे, एवढ्या लवकर एवढी माहिती, खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. कव्हर कालच काढलं. थर्मामीटर पण ठेवला होता आधी एक दिवस मुद्दाम, चेन अर्धी उघडी असून ४३ दाखवत होता. नेट लक्ष्मी मार्केटच्या बाजूला मिळालं, हिरवं ५० टक्क्याचं.

आता आणखी दोन-तीन शंका. एक, आमच्या गच्चीवर दुपारनंतर वारा भयंकर असतो, नेट बांधल्यावर रॅक शिडासारखा हलतोय, पडेल का? दोन, रात्री नेट काढायचं की राहू द्यायचं? तीन, ढोबळी आणि मिरची अजून लहान आहेत, दोन-तीनच खरी पानं, त्यांनापण आत्ताच सुरू करू का टोमॅटोबरोबर?

रोपवाला_मोहोळ

ताई, रॅक नुसता उभा ठेवू नकाच. हलका सांगाडा, वरनं नेट, वावटळ आली की उचलून नेती. सगळ्यात खालच्या फळीवर दोन्ही टोकांना विटा ठेवा, आणि मागचे दोन पाय कठड्याला किंवा पाण्याच्या पाइपच्या क्लॅम्पला नायलॉन दोरीनं बांधा, वर एक गाठ आणि खाली एक. कठड्याच्या आडोशाला ठेवलात तर वारा निम्मा तिथंच अडतो. पण वारा पूर्ण बंद करू नका बरं, वाऱ्यानं हललं की देठ जाड होतंय, हार्डनिंगमधलं निम्मं काम वाराच करतो. सुरुवातीला रोपं लई लांबट असली तर सकाळ-संध्याकाळ शेंड्यावरनं हात हलका फिरवला तरी फरक पडतो.

रात्री नेट पूर्ण काढून टाकलं तरी चालतंय. आता रात्री १८-२० असतंय, ह्या कुठल्याच रोपाला ती थंडी नाही. फक्त सकाळी ऑफिसला जायच्या आधी परत बांधायचं विसरू नका, म्हणून मी तर म्हणतो राहूच द्या. शेवटच्या दोन-तीन रात्री काढा.

मिरची-ढोबळीला घाई नको. चार-पाच खरी पानं येऊ द्या. तोवर मधल्या कप्प्यात नेटखालीच वाढवा, कव्हर तर तसंही काढलंय, म्हणजे तिथं त्यांची अर्धी तयारी आपोआप होतीय. टोमॅटोचं रोप चार-पाच आठवड्यांत तयार होतं, मिरचीला सहा-सात लागतात, ढोबळीपण तेवढीच. थंडीत टाकलेल्या बीला आणखी आठवडा जातो. उलट टोमॅटो आता जास्त दिवस ट्रेमध्ये ठेवू नका, मुळ्या गोल फिरायला लागल्या की लावल्यावर झाड बसून राहतं. जास्त ताण देऊन देठ एकदम लाकडासारखं झालं तरी तेच होतं.

अक्कलकोटरोड_निवृत्त

उशिरा वाचलं. बाकी सगळं आलंय, मी लावणीचं सांगतो कारण हार्डनिंग नीट करूनही लोक इथं रोपं घालवतात.

पहिलं टोमॅटोबद्दल. फेब्रुवारी अखेरीस लावलेल्या टोमॅटोला फुलं येणार मार्च शेवट-एप्रिलमध्ये. आपल्याकडं तेव्हा दिवसा ३८-४० आणि रात्रीसुद्धा हवा गार होत नाही. ३५ च्या वर दिवस आणि रात्री २१-२२ च्या वर गेलं की टोमॅटोचं परागीकरण नीट होत नाही, फुलं गळतात. म्हणून ह्या लॉटमधल्या टोमॅटोला पहिल्यापासूनच दुपारी सावली मिळेल अशी जागा ठरवा, ग्रीनहाऊसचं ते नेट हार्डनिंग झाल्यावर काढून टाकू नका, ग्रो बॅगांवर ताणा. वांगी आणि मिरची उन्हाळा त्यामानानं चांगला काढतात. खरा टोमॅटो करायचा तर बी ऑगस्ट-सप्टेंबरात टाकावं, म्हणजे फळं थंडीत मिळतात. पुढच्या वेळी तेवढं बघा.

दुसरं, काळी ग्रो बॅग. पश्चिमेच्या उन्हात तिची एक बाजू इतकी तापते की त्या बाजूच्या मुळ्या मरतात, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं रोपाला पाणी कमी पडलं. बॅगेला बाहेरून गोणपाट गुंडाळा नाहीतर चुन्याचा हात मारा. बॅगा एकमेकींना चिकटवून ठेवा, म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडते, आणि कडेच्या बॅगांना विटांचा आडोसा द्या.

तिसरं, टाकीतलं पाणी. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं आणि पाइपमधलं पाणी दुपारी चार-पाचपर्यंत हाताला चटका लागेल एवढं गरम असतं. संध्याकाळी आल्या-आल्या नळ सोडून ट्रेवर धरू नका. सकाळीच दोन बादल्या भरून जिन्यात सावलीला ठेवून जा आणि संध्याकाळी तेच झारीनं द्या. बोअरचं पाणी असेल आणि क्षाराचं असेल, बादलीला पांढरा थर बसत असेल, तर रोपांना शक्यतो ते नको, पानांच्या कडा जळतात. नळाचं उजनी धरणाचं पाणी येईल त्या दिवशी रोपांसाठी वेगळी एक घागर भरून ठेवली तरी पुरतं.

आणि लावायची ती संध्याकाळी, ऊन कलल्यावर. तासभर आधी ट्रेला पाणी द्या म्हणजे कप्प्यातली मुळी कोकोपीटसकट अख्खी निघते. टोमॅटो देठाचा खालचा भाग मातीत जाईल एवढा खोल लावला तरी चालतो, त्या देठालाच मुळ्या फुटतात. मिरची आणि वांगी मात्र ट्रेमध्ये होती तेवढीच खोल. हार्डनिंग केलेलं असलं तरी लावल्यावर तीन-चार दिवस दुपारची सावली द्यायचीच, कारण मुळी हलवलेली असते.

जुळे_सोलापूर_गच्ची

काका, टाकीच्या पाण्याचं कोणीच सांगितलं नव्हतं, मी रोज संध्याकाळी पाइपच धरायचे आणि विचार करायचे की पाणी देऊनसुद्धा पानं अशी का होतात. उद्यापासून बादल्या. टोमॅटोची जागापण बदलते, पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला लावते, तिथं दोननंतर टाकीची सावली येते.

टोमॅटो आणि वांगी वरच्या कप्प्यात पोचली आज. टोमॅटोच्या देठाला खाली जांभळट रंग आलाय आणि पानं आधीपेक्षा गडद वाटतायत, हे बरोबर आहे ना? झिनिया तर एकदम छान आहे. फक्त मिरचीच्या दोन-तीन रोपांची वरची पानं थोडी वर वळल्यासारखी दिसतायत, वाटीसारखी. ऊन जास्त झालं का?

विजापूररोडची_बाग

देठ जांभळट आणि पान गडद म्हणजे छान तयार होतायत, वांगी-टोमॅटो या शनिवार-रविवारी लावून टाका, सुट्टीचा दिवस असला की पहिल्या दुपारी लक्ष राहतं.

मिरचीचं मात्र ऊन नसेल. पानं वाटीसारखी वर वळली की आधी फुलकिडे बघायचे. पांढरा कागद खाली धरून शेंडा हलकेच झटका, बारीक पिवळसर काड्यांसारखे किडे चालताना दिसतील. पान खालच्या बाजूला वळलं असेल तर कोळी नावाची बारीक कीड असते. प्लास्टिक असताना हे आत येत नव्हते, आता ते नाही म्हणून आले. ती दोन-तीन रोपं आजच वेगळी करा, बाकीच्यांपासून लांब ठेवा. निळा चिकट सापळा एक आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळा एक कप्प्यात टांगा. निंबोळी तेल लिटरला पाच मिली, दोन थेंब भांड्याच्या साबणाचे घालून नीट घुसळायचं आणि सूर्य मावळल्यावर पानांच्या खालच्या बाजूनं फवारायचं. उन्हात तेल मारलं तर पान भाजतं. पाच-सहा दिवसांनी परत एकदा.

मिरचीपुरतं एक करा, शेडनेटच्या आत मिरचीच्या कप्प्याला बारीक कीटकरोधक जाळी लावा, इन्सेक्ट नेट मागितलं की मिळतं, ४० मेशनं (इंचाला ४० छिद्रं) पांढरी माशी अडते, फुलकिड्यांना त्याहून बरीच बारीक लागते. त्यातनं वारा आणि उजेड दोन्ही जातात. पांढऱ्या माशीनं विषाणू आणून चुरडा-मुरडा (पानं आकसून वळण्याचा रोग) लहानपणीच लागला तर त्या झाडाला पुढं मिरच्या लागत नाहीत, आणि त्यावर नंतर औषध नाही. म्हणून मिरची लावेपर्यंत जाळीतच राहू दे.

रोपवाला_मोहोळ

हो, आणि कागदावर किडे दिसले नाहीत, पान मात्र वळलेलंच राहिलं तर ते रोप उपटून टाका ताई, ठेवू नका. चाळीस रोपांतली दोन गेली तर काय होत नाही, पण ती दोन बाकीच्यांना देऊन जातील. फोटो टाका उद्या जवळनं काढून, शेंडा आणि पानाची मागची बाजू दोन्ही.